भोपाळहून सांचीकडे: माथ्यावरच्या सोन्याचा माग

भोपाळहून विदिशेच्या रस्त्याला लागलं की दीवानगंज आणि सलामतपूरच्या दरम्यान कर्कवृत्त ओलांडावं लागतं. तिथं फलक आहे. गाड्या थांबतात, माणसं एक पाय इकडं आणि एक तिकडं ठेवून फोटो काढतात. पुढं थोड्याच वेळात सांचीची टेकडी दिसू लागते. भोपाळपासून अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. या खेपेला मला स्तूपावरच्या माणसांची डोकी पाहायची होती. त्यांची पागोटी, बायकांच्या भांगातले दागिने, कपाळावरच्या चकत्या, अंबाड्यात खोवलेल्या पट्ट्या. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडची माणसं माथ्यावर काय मिरवत होती आणि ते सोनं कुठून येत होतं, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात होता. त्याचं उत्तर समुद्रकाठी शोधायचं असं आपण धरून चालतो. मला ते समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, माळव्याच्या कडेला सापडलं.

प्राचीन भारतातलं सोन्याचं शिरोभूषण प्रत्यक्ष पाहायला मिळणं फार अवघड. तक्षशिलेच्या सिरकपमध्ये पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांना दागिन्यांचे साठे सापडले. अफगाणिस्तानात तिल्या तेपे इथं १९७८ मध्ये व्हिक्टर सारियानिदी यांनी सहा कबरी उघडल्या, तेव्हा वीस हजारांच्या आसपास सोन्याच्या वस्तू निघाल्या. त्यांत सुटा करून ठेवता येईल असा एक पातळ पत्र्याचा मुकुट होता. पण असे योग विरळा, आणि तेही बहुतेक पुरलेल्या सोन्याचे. आपल्याकडं मृताबरोबर सोनं पुरायची रीत फारशी रुजली नाही. सोनं घरात राहिलं आणि पिढीगणिक आटत गेलं. पणजीची राखडी आजीच्या गोठात गेली, आजीचे गोठ आईच्या पाटल्यांत. पिढ्यानपिढ्या हेच चाललं असेल, तर सातवाहनकाळातल्या एखाद्या बिंदीतलं सोनं आज कुणाच्या तरी अंगावर असेलही, फक्त त्याचा आकार उरलेला नाही. आकार उरला तो दगडात.

आदल्या संध्याकाळी भोपाळच्या चौक बाजारात, सराफ्याच्या गल्लीत फिरत होते. इथल्या मुसलमान घरांत नवरीच्या डोक्याला डाव्या बाजूनं झूमर लावतात, पंख्यासारखं पसरलेलं, खाली मोत्यांची झालर. एका वयस्क सराफानं पेटीतून जुनं झूमर काढून हातावर ठेवलं. मागच्या बाजूला केसांत अडकवायचा आकडा होता, कड्या एकात एक ओवलेल्या, आणि झालरीतला प्रत्येक मोती वेगळ्या तारेला. "अब कौन बनवाता है बहनजी, टीका लेते हैं और बस," ते म्हणाले. आमच्याकडं मूद, केवडा, चंद्रकोर, अग्रफूल ही नावं आता नाटकाच्या रंगपटात आणि लावणीच्या फडावर उरली आहेत, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ती नावं एकेक करून पुन्हा म्हणवून घेतली. दागिना डोक्यावर कसा बसतो, त्याचं वजन केस कसे तोलतात, आकडा कुठं टोचतो, हे कळायला दागिना हातात घ्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी दगडातले दागिने बघताना त्या आकड्याचा मला फार उपयोग झाला.

सांचीचा इतिहास थोडक्यात एवढाच सांगते. अशोकानं विटांचा स्तूप बांधला, शुंगकाळात त्यावर दगडाचं आवरण चढलं आणि इसवी सनपूर्व पहिल्या शतकात चार तोरणं उभी राहिली. १८१८ मध्ये जनरल टेलर इथं पोचला, त्यानंतर हौशी लोकांनी बरीच नासधूस केली, आणि १९१२ ते १९१९ या काळात जॉन मार्शल यांनी स्तूपाला आजचं रूप दिलं. अशोकाची विदिशेची पत्नी देवी ही एका श्रेष्ठीची मुलगी, असं श्रीलंकेच्या बौद्ध बखरी सांगतात. महेंद्र आणि संघमित्रा ही तिचीच मुलं. या टेकडीच्या मुळाशीच एक व्यापारी घर आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

चारही तोरणांत लोकांची गर्दी पूर्वेच्या आणि उत्तरेच्या तोरणापाशी असते. पूर्वेची झाडाला लगडलेली यक्षी प्रसिद्ध आहे. मी दक्षिणेच्या तोरणापाशी सर्वांत जास्त वेळ घालवला. मूळचा प्रवेश इथूनच होता. शेजारी अशोकस्तंभाचा तुटका बुंधा आहे. तोरणाच्या सर्वांत वरच्या तुळईवर, तिथं कोरलेल्या स्तूपाच्या अंगावर, ब्राह्मी लेख आहे: राजा श्री सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख, वासिठीपुत्र आनंद याचं हे दान. सातकर्णी म्हणजे आपल्या नाणेघाटाचे, पैठणचे सातवाहन. जुन्नरच्या घाटात ज्यांच्या राणीनं यज्ञांच्या दक्षिणा कोरून ठेवल्या, त्याच घराण्याच्या कारागिरांच्या नायकानं भोपाळजवळच्या या टेकडीवर तुळई दान दिली. मराठी माणसानं इथं यावं याला हे एवढं कारणही पुरेसं आहे.

पण मला थांबवून ठेवलं ते त्याच तोरणाच्या डाव्या खांबानं. त्याच्या आतल्या अंगाला देवांची सभा कोरलेली आहे. सिद्धार्थानं घर सोडलं, नदी ओलांडली, तलवारीनं केस कापले आणि शिरोभूषणासकट आकाशात भिरकावले. इंद्रानं ते झेलले आणि त्रायस्त्रिंश स्वर्गात त्यांची पूजा मांडली. ती पूजा या पटात आहे. राजपुत्रानं जे डोक्यावरून उतरवलं, ते इथं देवांच्या डोक्यांपेक्षा मोठं झालं आहे. आणि त्या सोहळ्याला जमलेल्या प्रत्येक देवाच्या डोक्यावर मात्र भरगच्च पागोटं आहे: कापडाचे पीळ, त्यांवरून आडवा गेलेला पट्टा, कपाळाच्या वर गोळ्यासारखा उभारलेला तुरा. सकाळचं ऊन तिरपं असतं तेव्हा हे पीळ एकेक करून मोजता येतात. गळ्यातल्या माळेचा मणी न् मणी वेगळा, दंडावरच्या वाकीची कड वेगळी. वाळूच्या दगडात इतकं बारीक काम करायला दगडफोड्याचा हात पुरत नाही, असं पाहताक्षणी वाटतं. त्याचं कारण त्या पटापाशीच लिहिलेलं आहे. विदिशेच्या दंतकारांनी हे रूपकाम केलं, असा तो लेख सांगतो.

हस्तिदंत कोरणारी माणसं. त्यांच्या हातांना बोटभर रुंदीच्या दातात वेणीचा पेड आणि भांगातली पट्टी काढायची सवय. तीच अवजारांची चाल त्यांनी दगडात आणली. उत्तरेच्या तोरणावर तर खुंट्यांना टांगलेल्या दोन माळा कोरल्या आहेत, एकीत अकरा आणि दुसरीत तेरा मंगल चिन्हं ओवलेली. एखाद्या सोनाराच्या दुकानातला माल दगडात उतरवावा तसं ते काम आहे. बायकांच्या कपाळावर भांगातून उतरणारी पट्टी आणि तिच्या टोकाची चकती पाहताना मला आदल्या दिवशीचा आकडा आठवला. ती पट्टी केसांत कुठं अडकवली असेल, हे कोरणाऱ्याला माहीत होतं. त्यानं ती सैल सोडलेली नाही.

याच दंतकारांच्या हातची, निदान त्यांच्या परंपरेतली वाटावी अशी एक मूर्ती इटलीत नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात आहे. १९३८ मध्ये अमेदेओ मायुरी यांना पाँपेईच्या एका घरात ती सापडली. सुमारे पाव मीटर उंचीची हस्तिदंती स्त्री, दोन बाजूंना दोन छोट्या दासी, पायात गुडघ्यापर्यंत चढत गेलेली वळी, डोक्याला दागिन्यांनी गुंफलेली केशरचना आणि पाठीवर रुळणारी वेणी. माथ्यातून खाली आरपार भोक पाडलेलं आहे. ती बहुधा एखाद्या चौरंगाचा किंवा आरशाचा भाग असावी. लोक तिला पाँपेईची लक्ष्मी म्हणतात, पण ती यक्षी असणंच जास्त संभवतं. सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि ती राखेखाली गेली. म्हणजे त्या वर्षाच्या आधीच ती भारतातून निघून, समुद्र ओलांडून रोमन माणसाच्या घरात पोचली होती.

तिचं माहेर कुठलं? इथं महाराष्ट्र पुढं येतो. जालना जिल्ह्यात केळणा नदीच्या काठी भोकरदन आहे. सांचीच्या दानलेखांत आणि भारहूतच्याही दानलेखांत भोगवर्धनाच्या लोकांची नावं येतात. ते भोगवर्धन म्हणजे हेच भोकरदन. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी १९७३ मध्ये तिथं उत्खनन केलं, त्यात हस्तिदंताची स्त्रीमूर्ती मिळाली आणि तिचं पाँपेईच्या मूर्तीशी असलेलं साम्य चटकन लक्षात आलं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली आहे. ती तिथल्याच लामतुरे संग्रहालयात पाहता येते. पाँपेईची मूर्ती विदिशेची की भोकरदनची यावर अभ्यासकांत मतं आहेत. मला स्वतःला या वादाचा निकाल लागण्यापेक्षा त्या वादानं आखलेली वाट मोलाची वाटते. सांचीला भोकरदनचा भाविक दान देतो, भोकरदनला सांचीच्या वळणाचं कोरीव काम मिळतं आणि त्याच वळणाची बाई पाँपेईत निघते. हा एकच कामाचा पट्टा आहे.

वाटही जुनीच. सुत्तनिपातात बावरीचे शिष्य पैठणहून निघतात ते महिष्मती, उज्जैन, गोनद्ध, विदिशा करत कौशांबीकडं आणि पुढं श्रावस्तीला जातात. या वाटेवरून उज्जैनला उतरलेला माल भडोचला पोचायचा. पहिल्या शतकात इजिप्तमधून व्यापार करणाऱ्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या पेरिप्लसमध्ये हे सगळं बाजारभावाच्या नजरेनं टिपलेलं आहे. भडोचहून हस्तिदंत, अकीक, मलमल, पिंपळी, जटामांसी निर्यात होई. उज्जैनहून अकीक आणि कापड तिथं येई. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, तगर म्हणजे तेर तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. सोपारा, कल्याण, चौल यांचीही नावं त्यात आहेत. आणि आयातीच्या यादीत मद्य, तांबं, कथील, पोवळं यांच्याबरोबर सोन्याचांदीची नाणी आहेत, इथल्या नाण्यांशी बदलताना त्यावर नफा मिळतो अशी टीपही आहे.

हेच ते सोनं. रोमचा थोरला प्लिनी याच सोन्यासाठी हळहळला. दरवर्षी निदान पाच कोटी सेस्टर्स भारत आपल्याकडून ओढून नेतो, असं त्यानं नोंदवलं. आणि हाच प्लिनी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात, पाँपेईपासून जवळच स्टॅबियेच्या किनाऱ्यावर मेला. ज्या व्यापाराची त्यानं तक्रार केली, त्या व्यापारातून आलेली हस्तिदंती बाई काही मैलांवर त्याच राखेत गाडली गेली. इतिहासात अशा गाठी क्वचित पडतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

सोनं इकडं आल्यावर त्याचं काय झालं, याचा अंदाज सातवाहनांच्या नाण्यांवरून बांधता येतो. त्यांनी शिशाची, पोटिनची, तांब्याची, चांदीची नाणी पाडली, सोन्याची पाडली नाहीत. सोन्याचा हिशेब मात्र लोकांना नेमका माहीत होता. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात ७०,००० कार्षापणांचं दान नोंदवतो आणि पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण या दरानं त्याचे २,००० सुवर्ण होतात, हेही लिहून ठेवतो. चलनात उतरलं नाही ते सोनं अंगावर गेलं, असंच मी समजते. दख्खनमध्ये मिळालेल्या कित्येक रोमन नाण्यांना भोकं पाडलेली किंवा कड्या लावलेल्या आहेत. ज्यांना सोनं परवडत नव्हतं त्यांनी त्या नाण्यांच्या मातीच्या नकला करून गळ्यात घातल्या. तेरला आणि इतर सातवाहन गावांत त्या सापडतात, वर ओवायला छिद्र ठेवलेल्या. सम्राटाचं डोकं कुणाचं आहे, याची त्या बायकांना फिकीर असण्याचं कारण नव्हतं. चकाकी आणि गोल आकार हवा होता.

सांचीत समुद्राची आणखी एक खूण आहे आणि ती पाहायला मान वर करावी लागत नाही. पूर्वेच्या तोरणाच्या खांबावर नैरंजना नदीला पूर आल्याचा चमत्कार कोरलेला आहे. काश्यप आपल्या शिष्यांसह होडीतून बुद्धाला वाचवायला निघालेला. ती होडी जवळून बघा. फळ्या एकमेकींना जोडल्या आहेत त्या सांध्यांवर टाके दिसतात. खिळे ठोकून जोडलेली नाही, दोरानं शिवलेली होडी. राधाकुमुद मुखर्जींनी १९१२ साली भारतीय नौकानयनावर लिहिलं तेव्हाच तिच्याकडं लक्ष वेधलं होतं. अरबी समुद्रातली जुनी गलबतं याच पद्धतीची असत. काथ्यानं शिवलेला सांगाडा लाटेच्या माऱ्याला थोडा वाकतो, खिळ्यानं घट्ट केलेला तडकतो. गोव्यात अशीच शिवलेली नौका अजिंठ्याच्या भित्तिचित्रावरून नव्यानं बांधली गेली आणि २०२५ मध्ये कारवारला 'कौंडिण्य' या नावानं नौदलात दाखल झाली. समुद्र कधी न पाहिलेल्या कारागिरानं नदीतली होडी कोरली असेल, पण तिची शिवण त्याच घराण्यातली आहे.

पूर्वेच्या समुद्राकडंही माल जात होता. थायलंडमध्ये चान्सेन इथल्या उत्खननात हस्तिदंताची फणी मिळाली. तिच्यावर हंस, घोडे आणि बौद्ध मंगल चिन्हं कोरलेली आहेत, सांचीच्या माळेतली वाटावीत अशी. ती भारतात घडलेली. तिल्या तेपेच्या एका कबरीतही भारतीय हस्तिदंती फणी निघाली. एक फणी खुष्कीनं हिंदुकुशापलीकडं, एक बहुधा पाण्यानं थायलंडच्या खोऱ्यात. दागिन्याच्या आधी केस विंचरायला फणी लागतेच, आणि ती सोन्यासारखी आटवता येत नाही, म्हणून टिकली. थायलंडमधल्याच बान डॉन टा फेटच्या कबरींतले नक्षी उठवलेले अकीकाचे मणी भारतीय घडणीचे आहेत. व्यापार हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर जहाज आणि राजदूत येतात. माझ्या डोळ्यांसमोर आता विदिशेच्या एखाद्या गल्लीत दातांचा भुसा झाडणारी माणसं येतात. समुद्री व्यापाराचा इतिहास बंदरांनी लिहून घेतला. त्यात आतल्या गावांच्या हातांना जागा मिळायला हवी, आणि ती इथं सांचीच्या खांबावर त्यांनी स्वतःच घेऊन ठेवली आहे.

सांचीहून विदिशा दहा किलोमीटर. बेटवा आणि बेस यांच्या संगमावरचं बेसनगर हे जुनं शहर. शेतांच्या मध्ये हेलिओदोराचा गरुडस्तंभ उभा आहे, गावकरी त्याला खांबबाबा म्हणतात. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तक्षशिलेच्या ग्रीक राजाचा हा दूत इथं आला आणि त्यानं वासुदेवासाठी स्तंभ उभारला. देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी १९१३ ते १९१५ या काळात इथं खोदकाम केलं. विदिशेच्या जिल्हा संग्रहालयात बेटवेच्या पात्रातून काढलेला कुबेर यक्ष आहे, पुरुषभर उंचीच्या दुपटीकडं झुकणारा, डाव्या हातात पैशांची थैली. नदीच्या व्यापारी शहराचा देव असाच असणार. बेसनगरची यक्षी कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. दिल्लीत रिझर्व्ह बँकेच्या दारात रामकिंकर बैज यांनी घडवलेली यक्षिणी याच बेसनगरच्या यक्षीवरून बेतलेली आहे. तिच्या जोडीचा यक्ष मथुरेच्या परखम यक्षावरून. देशाच्या सोन्याच्या साठ्याची राखण विदिशेच्या बाईकडं सोपवली आहे, हे मला फार योग्य वाटतं.

विदिशेजवळच्या उदयगिरीच्या लेण्यांत शेवटी गेले. गुप्तकाळ, पाचव्या शतकाची सुरुवात. इथल्या एका लेखावर गुप्त संवत् ८२, म्हणजे सन ४०१ आहे. पाचव्या क्रमांकाच्या लेण्यात प्रचंड वराह पृथ्वीला दातावर उचलतो, आणि बाजूच्या भिंतींवर गंगा आणि यमुना लाटांच्या रेषांतून खाली येऊन सागराला मिळतात. सागर तिथं माणसाच्या रूपात पाण्यात उभा आहे, हातात घट. लाटा कमळाच्या देठांसारख्या समांतर रेषांत कोरलेल्या आहेत, भिंतभर. सांचीच्या वेळेपासून चारशे वर्षं गेलेली, पागोट्यांची जागा उंच मुकुटांनी घेतलेली. भोपाळच्या श्यामला टेकडीवरच्या राज्य संग्रहालयात परमारकाळच्या मूर्तींवर हेच मुकुट आणखी उंच, आणखी जडावाचे झालेले दिसतात, आणि तिथून शिरपेचापर्यंतचा प्रवास फार लांबचा राहत नाही.

इथं यायचं असेल तर हिवाळ्यात या. सकाळी लवकर सांची गाठा, कारण दक्षिणेच्या खांबाची आतली बाजू उन्हाच्या तिरपेवरच उघडते. दुपारी पायथ्याचं संग्रहालय, मग विदिशा आणि उदयगिरी. संध्याकाळी भोपाळला परतता येतं. आणि महाराष्ट्रात परतल्यावर एक दिवस भोकरदन आणि एक दिवस तेरसाठी राखून ठेवा. भोकरदनच्या पांढरीवर आज वस्ती आहे, केळणेला पावसाळ्याबाहेर फारसं पाणी नसतं. तेरच्या संग्रहालयात हस्तिदंती मूर्ती काचेआड आहे, मातीच्या नाणेनकला तिथंच, जवळच मणी आणि शंखाच्या बांगड्यांचे तुकडे. सांचीच्या पटावरून आलेल्या नजरेला त्या वस्तूंची ओळख लगेच पटते.